पेसमेकरचा रिमोट मॉनिटर: उशाशी पेटी की फोनवर ॲप?

पेसमेकरची खबरबात घरातूनच हॉस्पिटलला कळवण्याची सोय आता दोन प्रकारे मिळते. एक, पलंगाजवळ ठेवायची छोटी पेटी. दुसरी, फोनवरचं ॲप. पेशंट सत्तरीपुढचा असेल तर पेटीच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पेसमेकर बायोट्रॉनिक कंपनीचा असेल, तर त्यांचीच कार्डिओमेसेंजर पेटी घ्या. ती प्लगमध्ये लावायची आणि पेशंटपासून किमान २० सेंटिमीटर, जास्तीत जास्त २ मीटर अंतरावर ठेवायची. वायफाय लागत नाही, मोबाइल नेटवर्कवर चालते. दिवसातून एकदा, सहसा रात्री झोपेत, पेसमेकर तिला बॅटरी, लीडचा (पेसमेकरपासून हृदयात जाणाऱ्या वायरचा) इम्पीडन्स म्हणजे विद्युतरोध, सेन्सिंग म्हणजे हृदयाचे ठोके ओळखण्याची क्षमता आणि अनियमित ठोक्यांची नोंद देतो. पेशंटला बटण दाबावं लागत नाही.

यातली इम्पीडन्सची नोंद सगळ्यात मोलाची. ५०० ओहमच्या आसपास महिनोन्‌महिने स्थिर असलेला आकडा एकदम २००० च्या वर गेला, तर लीडच्या आतली तार तुटलेली असू शकते किंवा पेसमेकरमधला तिचा स्क्रू सैल असू शकतो. २०० च्या खाली घसरला, तर वरचं आवरण फाटल्याचा संशय घ्यायचा. एरवी हे पुढच्या तपासणीला कळलं असतं आणि ती सहा महिन्यांवर असू शकते. पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून असलेल्या पेशंटला एवढा उशीर चालत नाही.

पेटीचा त्रास घरातच होतो. पाहुणा येतो, फोन चार्ज करायला प्लग काढतो, परत लावायचं राहून जातं. चाळीतल्या आतल्या खोलीत सिग्नल पोचत नाही. अशा वेळी पलंगच खिडकीकडे सरकवलेला बरा. गणपतीला कोकणात जाताना पेटी सोबत न्या किंवा क्लिनिकला आधी सांगा, नाहीतर संपर्क तुटलेल्यांच्या यादीत नाव दिसतं आणि टेक्निशियन फोन करत बसतो.

ॲपचं गणित वेगळं. मेडट्रॉनिकच्या अझ्युअर पेसमेकरला ब्लूटूथ आहे आणि तो मायकेअरलिंक हार्ट ॲपशी जोडता येतो. तरुण, फोन हाताळणाऱ्या माणसाला हे उत्तम, प्रवासातही वेगळं काही न्यावं लागत नाही. पण अँड्रॉइड फोनचा बॅटरी सेव्हर ॲप मागच्या मागे बंद करतो, मुलगा नवा फोन आणून देतो आणि जोडणी पुन्हा करायची राहते. ब्लूटूथ चालू, ॲपला बॅकग्राउंडची परवानगी आणि रात्री फोन उशाजवळच्या टेबलावर, एवढं सांभाळायलाच हवं. फोन छातीवर ठेवून झोपू नका. पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर दूरच ठेवा, चुंबकवाले नवे फोन तर नक्कीच.

दोन्हींची मर्यादा सारखीच: सेटिंग बदलायला क्लिनिकलाच जावं लागतं आणि रात्री २ वाजता स्क्रीनसमोर कोणी बसलेलं नसतं. चक्कर येऊन पडलात किंवा आयसीडीचा (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणाऱ्या, पेसमेकरसारख्याच यंत्राचा) शॉक लागोपाठ दोनदा बसला, तर १०८ ला फोन करा, ट्रान्समिशनची म्हणजे नोंद क्लिनिकला पोचण्याची वाट पाहू नका. एकच शॉक बसून बरं वाटत असेल, तर क्लिनिकला त्याच दिवशी कळवा. उगाच वारंवार हाताने ट्रान्समिशन पाठवू नका, त्यात पेसमेकरची बॅटरी खर्च होते.

क्लिनिकची पारख अलर्टवरून, म्हणजे मॉनिटरकडून येणारे धोक्याचे इशारे ते कसे हाताळतात यावरून करा. कायमचं एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित, वेगवान ठोके) असलेल्या पेशंटचे त्याच कारणाचे अलर्ट चालू ठेवले, तर ढीग साचतो आणि खरा अलर्ट त्यात बुडतो. कधी कधी वरच्या कप्प्यातली लीड खालच्या कप्प्याचा ठोकाही मोजते आणि नसलेलं फिब्रिलेशन नोंदवते. इलेक्ट्रोग्राम (लीडने टिपलेला ठोक्यांचा आलेख) उघडून पाहणारा माणूस तिथे लागतो. म्हणून ऑपरेशनआधीच विचारा: अलर्ट कोण पाहतं, सुट्टीच्या दिवशी काय होतं, आणि मॉनिटरची किंमत पेसमेकरच्या बिलात आहे की वेगळी?

फायदा मोठा आहे. एरवी पेसमेकरची तपासणी ३ ते १२ महिन्यांनी होते. सतत जोडलेल्या, तब्येत स्थिर असलेल्या पेशंटची प्रत्यक्ष भेट डॉक्टर २४ महिन्यांपर्यंत लांबवू शकतात, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ शिफारशी सांगतात. विरारहून परळला गर्दीच्या लोकलने येणाऱ्या वयस्क माणसासाठी एवढं पुरेसं आहे. मात्र सगळेच पेसमेकर असे जोडता येत नाहीत, म्हणून पेसमेकरच्या ओळखपत्रावरचं मॉडेल दाखवून आधी खात्री करून घ्या.