फेब्रुवारीची सुट्टी आणि एव्हबरीचे दगड

शाळेला आठवडाभर सुट्टी, बाहेर 5 अंश, घरात दोन पोरं. इंग्लंडमधल्या स्विंडनहून एव्हबरी गावातलं उभ्या दगडांचं पुरातन वर्तुळ अर्ध्या तासावर, म्हणून निघालो. स्टोनहेंजचं असंच प्रसिद्ध वर्तुळ दोरीमागून बघावं लागतं. इथे दगडांना खुशाल हात लावा, टेकून उभे राहा, तिकीट नाही. पार्किंगचे पैसे तेवढे पडतात. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं हे वर्तुळ एवढं मोठं, की गावाचा बराचसा भाग आणि एक पब त्याच्या पोटात बसलाय. मधून गाड्यांचा रस्ता जातो, तेव्हा लहानग्यांचा हात सोडू नका.

सासूबाई साताऱ्याहून आल्यात. एका दगडावरून हात फिरवत म्हणाल्या, "शेंदूर तेवढा राहिला गं, नाहीतर आपला म्हसोबाच." शेजारी मेंढ्या निवांत चरत होत्या.

चिखलाचं मात्र विचारू नका. पांढरट, चिकट. वर्तुळाभोवतीच्या खंदकाच्या काठावर धाकट्याचा गमबूट रुतला आणि नुसता मोज्यातला पाय वर आला. जास्तीचे मोजे गाडीत, गाडी दहा मिनिटांवर! मी शहाणी स्पोर्ट्स शूज घालून गेले होते, ते अजून वाळतायत.

जवळच वेस्ट केनेटच्या पुरातन थडग्यात आत शिरता येतं, तेही फुकट. टॉर्च न्या. थोरल्याला तेच सगळ्यात आवडलं. सिल्बरी टेकडीवर चढायला बंदी आहे, लांबूनच बघायची.

थर्मासमधला चहा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या डिकी उघडी ठेवून, उभ्यानेच खाल्ल्या. पाचपैकी चार तारे. सकाळी लवकर निघा, साडेपाचला अंधारतं.