रजिस्टर लग्नाची सरकारी सेवा : जात विचारत नाही, पत्ता मात्र विचारते

रजिस्टर लग्न, म्हणजे विधीविना सरकारी अधिकाऱ्यासमोरचं लग्न, करायचं तर आधी तशी नोटीस द्यावी लागते. विशेष विवाह कायदा, १९५४ खालच्या या नोटिशीचा नमुना एकदा नीट वाचून बघा. रकाने मोजकेच : नाव, अविवाहित की विधुर-विधवा की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचा पत्ता, तो कायमचा नसेल तर कायमचा पत्ता आणि तिथे किती दिवस राहता. जात नाही, पोटजात नाही, गोत्र-देवक नाही, वडिलांचं नावसुद्धा नाही. शाळेच्या दाखल्यापासून स्थळाच्या बायोडाट्यापर्यंत जातीचा रकाना कुठे चुकत नाही अशा मुलखात हा कागद वेगळाच वाटतो. १८७२ च्या मूळ कायद्यात तर ‘मी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म मानत नाही’ असं दोघांनाही जाहीर करावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीत हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांची त्यातून सुटका झाली, १९५४ मध्ये सगळ्यांचीच. नमुन्याला आमच्याकडून पैकीच्या पैकी गुण.

सेवा घसरते ती पत्त्याच्या रकान्यात.

नोटीस कुठे द्यायची? दोघांपैकी किमान एक जण नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. इथपर्यंत ठीक. पुढे कलम ६ येतं. नोटीस नोंदवहीत चढते, ती वही कुणालाही फुकट पाहता येते आणि नोटिशीची प्रत कार्यालयाच्या दर्शनी जागी लागते. दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. म्हणजे नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या मुलीने कायमचा पत्ता म्हणून सवयीने गावच्या घराचा पत्ता लिहिला, की तिच्या लग्नाची बातमी तिच्याआधी जिल्ह्याला पोचते. भावकीतला कुणी खरेदीखताच्या कामाला त्याच कार्यालयात आला, तर पुढचं सांगायला नको.

म्हणून कागद जमवायला नोटिशीच्या आधीच सुरुवात करा. खरोखर शहरात स्थायिक असाल तर ते दाखवणारे पुरावे हवेत : नोंदणीकृत भाडेकरार, आधारवरचा बदललेला पत्ता, बँकेचं पासबुक. खोटा पत्ता मात्र लिहू नका. आक्षेप आला की पहिली चौकशी त्याचीच होते. वयासाठी शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला लागतो. आधार आणि दाखल्यातलं नाव अक्षरशः जुळतं का ते बघा, निम्म्या खेपा त्यापायीच होतात. घटस्फोटितांनी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घ्यावी आणि अपिलाची मुदत संपली आहे याची खात्री करावी. आईवडिलांचं संमतीपत्र कुणी मागितलंच, तर ‘कुठल्या कलमाखाली, ते लेखी द्या’ म्हणा. असं कलमच नाही.

दिवसांचा हिशेबही नीट ठेवा. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस आक्षेपांसाठी. आक्षेप कुणीही घेऊ शकतो, पण कारणं चारच : आधीचा जोडीदार हयात आहे, मानसिक अक्षमता, वय कमी (मुलगा २१, मुलगी १८), किंवा निषिद्ध नातं. ‘आमच्यात चालत नाही’ हे कारण त्यात बसत नाही. आक्षेपावर अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, नकार मिळाला तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. खोडसाळ आक्षेप घेणाऱ्यावर जास्तीत जास्त १,००० रुपये खर्च बसवता येतो. १९५४ मध्ये तो धाक असेल, आज वरातीत फटाक्यांनाही तेवढे पुरत नाहीत. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

घाई असेल आणि दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील, तर हिंदू विवाह कायद्याने लग्न करा. जात आड येत नाही, महिनाभराची नोटीसही नाही. पण विधी खरोखर व्हायला हवा. नुसतं प्रमाणपत्र मिळवून लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. नंतर ‘नमुना ड’ भरून नोंदणी करायची. ज्यांना भटजीही नको आणि विधीही नको, त्यांना मात्र फलकाखालून जाण्यावाचून गत्यंतर नाही.

धोका वाटत असेल तर नोटिशीच्या आधीच पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्देश आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. लग्नानंतर जातपंचायतीने वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

गंमत अनुदानाची. आंतरजातीय विवाहाचं प्रोत्साहन २०१० मध्ये ५० हजार झालं, अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे. तिथे पहिला कागद मागतात जातीचा दाखला. दोन वेगळ्या ओबीसी जातींतल्या जोडप्याने घरच्यांशी कितीही भांडून लग्न केलं असलं, तरी ते योजनेत बसत नाही.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह लागतात. चौथा जादा न्या, ऐनवेळी एकाचा फोन लागत नाहीच. दोघं आणि तिघे साक्षीदार प्रतिज्ञेवर सह्या करतात, मग अधिकाऱ्यासमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं बोलून दाखवायचं. ते वाक्य तुम्हाला समजणाऱ्या कुठल्याही भाषेत चालतं. सही करण्याआधी प्रमाणपत्रातली नावं आणि पत्ते सावकाश वाचा. चूक नंतर सुधारता येते, पण खाडाखोड करून नाही. समासात नोंद होते आणि त्यासाठी दोघांना पुन्हा कार्यालयात यावं लागतं.