सावड, बलुते आणि रोख पैसा

पैसा नसता तर माणसे अधिक सुखी असती का, याची दोन वेगळी उत्तरे सातारा-सांगलीकडच्या गावगाड्यात सापडतात. पहिले सावडीचे. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही, अशा फेडीने भांगलण, म्हणजे पिकातले तण काढण्याचे काम, उरकते आणि बांधावर सोडलेल्या भाकरीत शेजारधर्मही टिकतो. हे मला मनापासून प्रिय आहे. पण सावड जमते ती बरोबरीच्या, ओळखीच्या माणसांतच.

बरोबरी नसली की काय होते, ते बलुतेदारीत दिसले. सुतार-लोहारांनी वर्षभर राबायचे आणि सुगीला खळ्यावर वाटा मागायला उभे राहायचे. पायली शिगेने भरायची की हात मारून सपाट करायची, हे देणाऱ्याच्या मनावर. महार वतनातली, म्हणजे पिढीजात गावकामाची, बांधिलकी तर याहून जाचक होती. बालपणाची काही वर्षे साताऱ्यात काढलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच जाचातून सुटका व्हावी म्हणून. रोख मजुरी हातात पडली की माणसाला दुसरे गाव, दुसरा धंदा धरता येतो. बलुत्याच्या धान्यावर ते अवघड होते.

व्यवहाराच्या सोयीबद्दल फार बोलायला नको. सांगलीच्या हळद उत्पादकाला सिमेंट, औषधे आणि मुलीची फी हवी असते. हळदीच्या पोत्यावर हे सारे देणारा एकच माणूस कुठे भेटणार?

पैशामुळे कर्ज आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, हीही येते, हे ऊसतोड मजुरांकडे पाहून नाकारता येत नाही. तरीही मी पैशाचीच बाजू घेईन, फक्त भांगलणीच्या सावडीला हजेरीचा दर लावू नये.