सेवादाराकडून चालवून घेतलेले मूडल: एका लहान महाविद्यालयातील वापरानंतरचा अनुभव

ज्या महाविद्यालयात संगणक विभागातील एखादा प्राध्यापकच तासिका सांभाळून सर्व्हरकडेही पाहतो, तिथे मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्यांसाठीचे सॉफ्टवेअर स्वतः चालवायचे की एखाद्या सेवादाराकडे, म्हणजे ते आपल्या सर्व्हरवर चालवून देणाऱ्या कंपनीकडे, सोपवायचे, हा प्रश्न पैशांइतकाच माणसांच्या वेळेचा असतो. आम्ही ते सोपवले. आता अंतर्गत परीक्षांसह एक संपूर्ण सत्र त्यावर पार पडल्यामुळे या व्यवस्थेविषयी जबाबदारीने लिहिता येईल.

२००२ साली पहिली आवृत्ती आलेले मूडल जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली कोणालाही विनामूल्य मिळते. म्हणजे सेवादाराला आपण देतो ते पैसे सॉफ्टवेअरचे नसून ते चालते ठेवण्याचे असतात. या कामाचा मोठा भाग कोणाच्या नजरेस पडत नाही. उदाहरणार्थ, मूडलची पार्श्वभूमीतील कामे दर मिनिटाला चालावीत अशी अपेक्षा असते. ती थांबली तरी संकेतस्थळ वरवर व्यवस्थित दिसते, पण सूचनांचे ईमेल जात नाहीत आणि विद्यार्थी शिक्षकांना दोष देतात. आमच्याकडे ही तक्रार आता उरलेली नाही. अद्ययावतीकरणाचेही तसेच आहे. साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येत असली, तरी ऑक्टोबर २०२४ मधील ४.५ सारख्या दीर्घकालीन आवृत्तीला तीन वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. लहान संस्थेने अशाच आवृत्तीवर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेवादार ठरावीक प्लगइनच, म्हणजे मूडलला जादा सुविधा जोडणारे भागच, बसवू देतो, याबद्दल काही सहकारी नाराज आहेत. मला मात्र ही मर्यादा योग्य वाटते, कारण मूडलची आवृत्ती बदलताना प्रत्येक जादा प्लगइन तिच्याशी जुळते का, हे कोणाला तरी तपासावेच लागते.

सेवेचा खरा कस लागतो तो ऑनलाइन चाचणीच्या पहिल्या काही मिनिटांत. सगळा वर्ग एकाच क्षणी ‘सुरू करा’वर बोट ठेवतो, प्रत्येकासाठी प्रश्न निवडले जातात, त्यांच्या नोंदी तयार होतात आणि सारा भार डेटाबेसवर येतो. वर्षभराच्या सरासरी वापरावर बेतलेली योजना या वेळी अपुरी पडते. आमच्या पहिल्या मोठ्या चाचणीत पाने उघडायला फार वेळ लागला. त्यानंतर सेवादाराने परीक्षेच्या दिवसांपुरती क्षमता वाढवून दिली, आम्ही तुकड्यांना थोड्या थोड्या अंतराने प्रवेश दिला आणि एका पानावर एकच प्रश्न ठेवण्याऐवजी काही प्रश्न एकत्र ठेवले, जेणेकरून पाने मागवण्याच्या फेऱ्या कमी व्हाव्यात. पुढच्या चाचण्या सुरळीत झाल्या. म्हणून करार करताना नोंदणीकृत विद्यार्थ्यांच्या संख्येपेक्षा एकाच वेळी परीक्षा देणाऱ्यांची संख्या सांगावी आणि तेवढ्या भाराची चाचणी आधी करून मागावी.

जे काम सेवादार करत नाही आणि करूही शकत नाही, ते गुणपुस्तकाचे. मूडलमध्ये मुळात रिकामे गुण एकूण गणनेतून वगळले जातात. त्यामुळे ज्याने गृहपाठ दिलाच नाही त्याची टक्केवारी, तो देऊन कमी गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यापेक्षा चांगली दिसू शकते. तिथे शून्य धरायचे की नाही, हा शैक्षणिक निर्णय आहे. तो विभागाने सत्राच्या आरंभीच घ्यायला हवा. प्रश्नपेढीची वर्गवारी, अभ्यासक्रमांची रचना, नव्या शिक्षकांचे प्रशिक्षण हेही आपलेच काम राहते. हे सांभाळणारी एक व्यक्ती महाविद्यालयात नसेल, तर उत्तम होस्टिंग घेऊनही मूडल म्हणजे केवळ पीडीएफ ठेवण्याची जागा होते.

मुक्त स्रोताचा सर्वांत मोठा लाभ मला सेवादार बदलण्याच्या स्वातंत्र्यात दिसतो, पण ते स्वातंत्र्य आपोआप हाती येत नाही. शिक्षकाला घेता येणाऱ्या अभ्यासक्रमाच्या बॅकअपमध्ये साधारणतः विद्यार्थ्यांची उत्तरे आणि गुण नसतात. संपूर्ण स्थलांतरासाठी डेटाबेसची प्रत, अपलोड केलेल्या फाइलींचे डेटा फोल्डर आणि वापरातील प्लगइनसह आवृत्तीचा नेमका तपशील, हे सारे लागते. आम्ही अशी प्रत मागून घेतली आणि वेगळ्या यंत्रावर उभी करून पाहिली. जुन्या चाचण्यांमधील उत्तरे तिथे जशीच्या तशी उघडली. पुढील करारात ही प्रत प्रत्येक सत्राच्या अखेरीस विनाशुल्क मिळावी आणि करार संपल्यावरही ती देण्याची मुदत लेखी असावी, अशी अट आम्ही घातली आहे. सेवादाराने पहिला भाग मान्य केला असून दुसऱ्यावर बोलणी सुरू आहेत.