माँटे क्रिस्टोचा काउंट: पाच तासांचा बघावा की पावणेदोन तासांचा?

अलेक्झांद्र द्युमाची ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ पडद्यावर बघायची ठरवलीत, तर जुन्या ब्रिटिश टीव्हीवरच्या दोन आवृत्त्या विचारात घ्याव्या लागतात. एक बीबीसीची १९६४ची मालिका: कृष्णधवल, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे बारा भाग, काउंट झालाय ॲलन बॅडेल. दुसरा आयटीसी या ब्रिटिश निर्मितीसंस्थेचा १९७५चा टीव्हीपट: रंगीत, सुमारे पावणेदोन तासांचा, रिचर्ड चेंबरलेनचा. माझं मत मालिकेला. का, ते सांगते.

कादंबरी ११७ प्रकरणांची आहे आणि तिची सगळी ताकद सावकाशपणात आहे. पुढे काउंट होणारा नायक एदमों दांतेस १८१५मध्ये पकडला जातो तेव्हा तो एकोणीस वर्षांचा असतो. मार्सेयसमोरच्या शातो दिफ या बेटावरच्या तुरुंगात तो चौदा वर्षं काढतो, आणि सुटल्यावरही पॅरिसात उतरायला १८३८ उजाडतं. तिथेही तो कुणाच्या अंगावर धावून जात नाही. त्याला अडकवणाऱ्या तिघांपैकी दांग्लारला त्याच्या हावेनं, व्हीलफोरला त्याच्याच घरातल्या गुपितानं आणि फर्नांदला जुन्या विश्वासघातानं बुडू देतो. हे जाळं विणायला वेळ लागतो, आणि पाच तासांत तो मिळतो. टीव्हीपटात एक शत्रू संपतो न संपतो तोच दुसऱ्याची पाळी येते. हिशेब पुरा होतो, पण त्याचा भार मनावर बसत नाही.

बॅडेलचा आवाज हे तर मालिका बघण्याचं स्वतंत्र कारण आहे. काउंट झाल्यावर तो इतक्या मऊ, तोलून-मापून बोलतो की समोरच्याच्या आधी आपल्याला धोका कळतो. व्हीलफोरच्या भूमिकेतला मायकेल गॉफही तोलामोलाचा.

टीव्हीपटाचं पारडं जड होतं ते बाकीच्या नटांमुळे. टोनी कर्टिस फर्नांद, डोनल्ड प्लेझन्स दांग्लार, आणि व्हीलफोर आहे लुई जुर्दां, ज्यानं १९६१च्या फ्रेंच चित्रपटात खुद्द दांतेस केला होता! आणि दांतेसचा तुरुंगातला सोबती फारिया आहे ट्रेव्हर हॉवर्ड.

या फारियापाशी मी जरा थांबते. माशांच्या हाडांच्या लेखण्या, काजळी आणि वाइनची शाई, सदऱ्यांच्या कापडाचा कागद: एवढ्यावर कोठडीत ग्रंथ लिहिणारा हा म्हातारा. आपल्याला कुणी आणि का अडकवलं हे दांतेसला कळतं ते त्याच्यामुळेच. द्युमानं त्याला इटालियन केलं, पण नाव घेतलं ते आपल्या गोव्याच्या माणसाचं. कांदोळीत १७५६मध्ये जन्मलेले आबे (म्हणजे धर्मगुरू) फारिया पॅरिसात संमोहनाचे प्रयोग करत, आणि १८१९मध्ये तिथेच वारले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे: हात पसरून उभे, समोर कोसळणारी स्त्री. तो पाहिलेल्या माणसाला कोठडीतले प्रसंग वेगळेच भिडतात. या एका भूमिकेसाठी मी हॉवर्डला झुकतं माप देईन.

मालिकेतल्या उणिवाही आधीच माहीत असलेल्या बऱ्या. बरंचसं काम स्टुडिओतलं आहे आणि ते लपत नाही. समुद्र, किल्ला, मोकळं आकाश हवं असेल तर १९७५कडेच वळा. चित्र जुनं, करडं आहे. पण त्या काळी बीबीसी कितीतरी कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरत असे, आणि ही मालिका बाराच्या बारा भागांनिशी उरली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तर घरात मुलं असतील, एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर टीव्हीपट लावा. गोष्ट नीट कळेल. कादंबरी वाचलेली असेल, किंवा वाचायची राहून गेल्याची रुखरुख असेल, तर मालिका घ्या आणि रोज दोन भाग बघा, एका बैठकीत संपवू नका. पहिल्या भागावरून मात्र ती सोडू नका. एकोणीस वर्षांचा दांतेस म्हणून चाळिशी गाठलेला बॅडेल खटकतो खरा, पण तो तुरुंगाचं दार लागेपर्यंतच.