कोच बदलल्यावर रिक्रूटिंग रँकिंगवर किती विसंबायचं? तीन वर्षांच्या सबस्क्रिप्शननंतरचा रिव्ह्यू

तीन वर्षं झाली, अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या एका रिक्रूटिंग सर्व्हिसचं सबस्क्रिप्शन घेतलंय. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मला जे म्हणायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे. महिन्याला दहा डॉलरच्या आसपास जातात आणि २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत ते मला कधी जड वाटले नाहीत. मी मास्टर्स पेन स्टेटला केलं, तेव्हापासून शनिवार म्हणजे फुटबॉल हे घरात ठरलेलं, त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाही, पेन स्टेटवाली म्हणूनच लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही सर्व्हिस हायस्कूलच्या पोरांना स्टार देते, कोण कुठल्या कॉलेजला कमिट झाला, म्हणजे येतो असा तोंडी शब्द दिला, ते दाखवते, आणि एकेका कॉलेजच्या त्या वर्षीच्या पोरांचे मार्क एकत्र करून क्लासची रँक लावते. कोच जागेवर टिकून असेल तर आकडा बऱ्यापैकी खरं बोलतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोच गेला की तोच आकडा भलतंच काहीतरी मोजायला लागतो आणि सर्व्हिस मात्र तो तितक्याच ठळक अक्षरात दाखवत राहते. माझं सगळं भांडण तिथं आहे.

आमचंच घ्या. २०२५ चा सीझन सुरू झाला तेव्हा पेन स्टेट एपी या वृत्तसंस्थेच्या देशभरातल्या टीमच्या यादीत दुसऱ्या नंबरवर होती. ओरेगनशी डबल ओव्हरटाइममध्ये हरलो, मग यूसीएलएकडून, मग घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून एका पॉइंटनं, आणि दुसऱ्याच दिवशी, १२ ऑक्टोबरला, आमचा कोच जेम्स फ्रँकलिनला काढलं. तिथून कमिट यादीला जी गळती लागली ती थांबलीच नाही. नोव्हेंबरमध्ये फ्रँकलिन कोच म्हणून वर्जिनिया टेकला गेला आणि त्यानं वर्ष-दीड वर्ष फोन करून, घरी जाऊन जमवलेली पोरं एकामागून एक त्याच्या मागे तिकडं निघाली. मी त्या पोरांना दोष देत नाही. सतरा वर्षांचा मुलगा शब्द देतो तो बिल्डिंगला देत नाही, समोर बसून आईबाबांशी बोललेल्या माणसाला देतो.

३ डिसेंबरला अर्ली सायनिंग डे होता, म्हणजे पोरांनी कॉलेजच्या कागदावर पक्की सही करायचा पहिला दिवस. सकाळी मी लॅपटॉप उघडून बसले, मुलगा शाळेला जायच्या आधी बूट घालता घालता माझ्या खांद्यावरून बघत होता, म्हणाला, "आई, दोनच आहेत गं." मी म्हटलं, थांब रे, दिवस आहे अजून. संध्याकाळी तो घरी आला तरी दोनच होते. दोन पोरं, बास. रँकिंगमध्ये आमचं नाव शोधायला इतकं खाली जावं लागलं की मध्ये ज्या कॉलेजांची नावं दिसत गेली त्यातल्या काहींशी आम्ही कधी खेळलोही नाही. शेजारी लाल बाण. वर्जिनिया टेकच्या शेजारी मोठा हिरवा बाण.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच, दुखतंच ते, पण आमचा नवा कोच मॅट कॅम्पबेल, त्याची नेमणूक जाहीर झाली ५ डिसेंबरला. ज्याच्या खात्यावर हा क्लास मांडला जाणार तो माणूस सायनिंग डेच्या दिवशी आयोवा स्टेटचा कोच होता. मग ती रँक कुणाची? फ्रँकलिनची नाही, कॅम्पबेलची नाही. ती रँक फक्त एवढंच सांगत होती की खुर्ची रिकामी असताना कॅलेंडर पुढं सरकलं. आणि पैसे घेणाऱ्या सर्व्हिसनं हे एका ओळीत लिहायला हवं होतं की नाही? कुठंच नव्हतं.

आधी एवढं वाईट नव्हतं हे. डिसेंबर २०१७ च्या आधी सही करायचा मुख्य दिवस फेब्रुवारीतला पहिला बुधवार, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी नेमलेल्या कोचला हातात दोन महिने असायचे. मग डिसेंबरात अर्ली सायनिंग आलं, २०२४ पासून ते डिसेंबरच्या पहिल्याच बुधवारी ओढलं, आणि आता बहुतेक नावाजलेली पोरं त्यातच सही करून मोकळी होतात. कोच काढण्याचा मोसम आणि सही करण्याचा मोसम एकमेकांवर आदळतायत. क्लासची रँक लावायची पद्धत मात्र जुनीच.

ती पद्धतही समजून घ्या, कारण सबस्क्रिप्शन घेणाऱ्या निम्म्या लोकांना ती माहीत नसते. २४७ स्पोर्ट्सचं कंपोझिट सगळ्यात जास्त वापरलं जातं, ते वेगवेगळ्या सर्व्हिसेसचे मार्क एकत्र करतं, आणि टीमचा स्कोअर काढताना सगळ्यात वरच्या पोराला पूर्ण वजन, पुढच्याला थोडं कमी, असं करत करत खालच्यांचं वजन जवळजवळ संपतं. तरी बेरीजच ती, त्यामुळे पोरं कमी असली की स्कोअर आपोआप पडतो. दोन पोरांचा क्लास, ती दोन्ही कितीही चांगली असली तरी, वर येऊच शकत नाही. त्यासाठी प्रत्येक पोरामागे सरासरी रेटिंग वेगळं दाखवतात, कोच बदललेल्या वर्षी मी आधी तेच बघते, पण आमच्या सर्व्हिसमध्ये ते आणखी दोन क्लिक आत पुरलेलं आहे.

आणि स्टार म्हणजे तरी काय? पाच स्टार साधारण बत्तीसच पोरांना देतात, कारण एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे प्रो टीम कॉलेजची पोरं निवडतात त्याच्या, पहिल्या फेरीत बत्तीस जागा. म्हणजे स्टार हा अंदाज आहे की हा मुलगा तीन-चार वर्षांनी प्रो होईल का. त्या अंदाजात ही सर्व्हिस खरंच चांगली आहे, मनापासून सांगते, पाच स्टारवाले तीन स्टारवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात ड्राफ्ट होतात हे वर्षानुवर्षं दिसलंय. पण हा मुलगा या नव्या कोचच्या सिस्टिममध्ये बसतो का, हा प्रश्न स्टारला कुणी विचारलेलाच नसतो. आधीचा कोच रन-गेमवाला, म्हणजे बॉल घेऊन धावण्यावर भर देणारा, त्याने पुढच्या फळीत मोठे, जड लाइनमन घेतले, नवा आला त्याला पायाने हलके हवेत. स्टार तेवढेच राहतात, उपयोग अर्धा होतो.

सेबनचं उदाहरण सगळे देतात पण अर्धंच देतात. निक सेबन जानेवारी २००७ मध्ये कोच म्हणून अलाबामाला आला, सायनिंग डेला जेमतेम महिना. त्या घाईतल्या क्लासचं कुणी फार कौतुक केलं नाही, पहिला सीझन ७-६ (सात जिंकल्या, सहा हरल्या), त्यात लुइझियाना-मनरोकडून घरी हरले. पण त्याच क्लासमध्ये रोलँडो मॅक्लेन आणि करीम जॅक्सन होते, दोघंही २०१० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेले. मग २००८ चा क्लास, पूर्ण वर्ष हातात मिळालेला: हुलिओ जोन्स, मार्क इंग्रम, डाँटा हायटॉवर, मार्सेल डेरियस, मार्क बॅरन. २००९ ला १४-० आणि नॅशनल टायटल, इंग्रमला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी. म्हणून पहिल्या क्लासवरून कोच जोखू नका, दुसऱ्यावरून जोखा, हे लोक म्हणतात आणि बरोबरच आहे ते. पण सेबन १० जानेवारी २०२४ ला रिटायर झाला तेव्हाचं दुसरं अर्धं बघा. क्लासनं सह्या केलेल्या, रँक एकदम वर, सगळं छान. कोच गेला म्हणून पोरांना कॉलेज बदलायच्या ट्रान्सफर पोर्टलसाठी तीस दिवस मिळाले आणि पाच स्टार क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन, जो कॅम्पसवर येऊनही बसला होता, ओहायो स्टेटला गेला. अलाबामाचाच केलेब डाउन्सही तिकडंच गेला आणि वर्षभरात नॅशनल टायटल जिंकला. रायन विल्यम्सनं कमिटमेंट काढली आणि नवा कोच डीबोअर आल्यावर परत अलाबामालाच दिली, आणि त्या सप्टेंबरमध्ये जॉर्जियाविरुद्ध सतरा वर्षांच्या त्या पोरानं ७५ यार्डांचा जो टचडाउन केला तो ज्यानं लाइव्ह बघितला तो विसरणार नाही. ह्या सगळ्या ये-जा मध्ये अलाबामाच्या २०२४ क्लासची रँक काय होती हे विचारून काहीच कळत नाही. कोण राहिला, कोण गेला, कोण परत आला, यातून सगळं कळतं.

टेक्सस ए अँड एमचा २०२२ चा क्लास तर सगळ्यांनी भिंतीवर लावावा. तोवरच्या रेटिंगच्या इतिहासातला सगळ्यात भारी क्लास. त्याच वर्षी टीम ५-७. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिंबो फिशरला काढलं, त्याला द्यायचे ७५ मिलियन डॉलरच्या वर, आणि पोरं पांगली: वॉल्टर नोलन ओल मिसला, एव्हन स्टुअर्ट ओरेगनला. नवा कोच माइक एल्को आला तेव्हा त्याच्या हाती त्या पहिल्या नंबरातलं किती उरलं होतं? सर्व्हिसच्या जुन्या पानावर मात्र अजून तेच सोनेरी "१" आहे.

याउलट केल्विन बँक्स. ओरेगनला कमिट होता, डिसेंबर २०२१ मध्ये तिथला कोच मारिओ क्रिस्टोबाल मायामीला गेला, बँक्सनं कमिटमेंट काढली आणि टेक्ससला सही केली, जिथं कोच सार्किसियनची टीम नुकतीच ५-७ झालेली. लाइनमधला टॅकल म्हणून पहिल्या वर्षापासून स्टार्टर, २०२४ ला आउटलंड ट्रॉफी (सर्वोत्तम लाइनमनची), ड्राफ्टमध्ये नववा. एका कॉलेजची खुर्ची रिकामी झाली म्हणून दुसऱ्या कॉलेजची लाइन उभी राहिली. नवा कोच, किंवा जुनाच पण अडचणीतला कोच, अशा आठवड्यात कुणाला फोन करतो आणि तो मुलगा का येतो, ही खरी बातमी, आणि इथं मात्र या सर्व्हिसचे रिपोर्टर लोक खरंच पैसे वसूल करून देतात. कुठला पोझिशन कोच कुठल्या शाळेत गेला, कुणाला ऑफर गेली, कुणाची आई अजून जुन्या स्टाफशी बोलतेय, हे फुकटात कुठं मिळत नाही.

आणि इंडियाना! कोच सिग्नेटी नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी आला, आधीची टीम ३-९. आधीच्या कॉलेजहून, जेम्स मॅडिसनहून, स्वतःची तेरा पोरं घेऊन आला, ज्यातली बहुतेक हायस्कूलमध्ये कुणाच्या खिजगणतीत नव्हती. पहिलं वर्ष ११-२, दुसरं वर्ष १६-० आणि नॅशनल चॅम्पियन. हायस्कूल क्लासच्या रँकमध्ये यातलं काही म्हणजे काही दिसलं नसतं. सर्व्हिस आता पोर्टलची वेगळी रँक देते, ठीक आहे, पण तिथंही मार्क बऱ्याचदा हायस्कूलच्या जुन्या स्टारांची सावली वाटतात. तीन वर्षं कॉलेजमध्ये स्टार्ट केलेल्या लाइनबॅकरला कधीतरी पंधराव्या वर्षी कॅम्पमध्ये धावलेल्या चाळीस यार्डांवरून का तोलायचं?

एक प्रसंग सांगतेच. कॅम्पबेल आल्यावर आयोवा स्टेटची बरीच पोरं पोर्टलमधून आमच्याकडं यायला लागली, क्वार्टरबॅक रॉको बेक्टसुद्धा. त्याच सुमारास आम्हाला एका ऑफेन्सिव्ह टॅकलमध्ये इंटरेस्ट असल्याची बातमी आली, नाव नको, लहान मुलगा आहे. मी त्याचं पान उघडलं. तीन स्टार, खाली एका स्काउटची नोट: वजन कमी, पाय चांगले, ताकद हवी. मग सीनियर, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या सीझनची फिल्म लावली आणि तिसऱ्याच प्लेला तो समोरच्याला छातीवर घेऊन पाच पावलं मागं रेटत नेतो, शिट्टी वाजेपर्यंत सोडत नाही, आणि अंगानं तो नोटमधल्या मुलापेक्षा कमीत कमी वीस पाउंड जास्त दिसतो. नोटची तारीख बघितली तर ज्युनियर वर्षाच्या (शेवटच्याच्या आधीच्या) आधीच्या उन्हाळ्यातली. मी कस्टमर सपोर्टला लिहिलं, अगदी नीट, फिल्मची लिंक देऊन. आठ दिवसांनी उत्तर आलं की फीडबॅक टीमला कळवलाय. नोट तीच आहे, तारीख तीच आहे, आणि त्या तीन स्टारांची बेरीज क्लासच्या रँकमध्ये चाललीये. नवा कोच ज्या पोरांना शेवटच्या दोन आठवड्यांत शोधून काढतो ती अशीच असतात, उशिरा वाढलेली, कुणी दुसऱ्यांदा न बघितलेली. म्हणजे जिथं कोचची नजर कळायला हवी नेमकं तिथंच सर्व्हिस सगळ्यात शिळी आहे.

मला काय हवंय ते फार नाही. कोच बदललेल्या टीमच्या रँकशेजारी कोच कधी गेला आणि नवा कधी आला या दोन तारखा. प्रत्येक कमिटपुढं तो कुठल्या स्टाफला कमिट झाला ते. नव्या स्टाफनं आधीच्या कॉलेजात असताना याच मुलाला ऑफर दिली होती का, हे तर सोन्यासारखं आहे, कारण तेव्हा घाईत जागा भरायची नव्हती. नोट लिहिल्याची तारीख मोठ्या अक्षरात. आणि दोन वर्षांनी त्याच पानावर किती टिकले तो आकडा. हे सगळं त्यांच्याकडं आहेच, सुटंसुटं पडलंय, मी ते एका वहीत हातानं जोडत बसते.

रेटिंग द्यायचं तर बातम्यांना पाचपैकी साडेचार, फिल्म आणि प्रोफाइलला साडेतीन, क्लास रँकला एरवी चार आणि कोच बदललेल्या वर्षी एक. तुमच्या टीमचा कोच जागेवर असेल तर बिनधास्त घ्या. नुकताच काढला असेल तर वर्षाचं घेऊ नका, महिन्याचं घ्या, ऑक्टोबर ते जानेवारी, रिपोर्टरांचं वाचा आणि रँकचं पान उघडू नका, खरंच नको, रात्रीची झोप जाते. पोर्टलची खिडकी २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी होती, ती बंद होईपर्यंत टीम कशी दिसणार हे खुद्द कोचलाही सांगता येत नाही.

मी माझं वर्षाचं रद्द करून महिन्यावर आणलंय. वहीत त्या दोन पोरांची नावं पहिल्या पानावर लिहून ठेवलीयेत, सगळे गेले तेव्हा थांबलेली, आणि २०२७ च्या सीझनला मी ते पान पुन्हा उघडणार आहे.