सुपरमॅन कुठला बघायचा: वयात येणारा की बाप झालेला?

चतुर्थीच्या सुटीत मुलांबरोबर बसून बघता येईल अशी मालिका सांग, असं गोव्यातल्या डिचोलीहून ताईनं विचारलंय. थोरला पंधराचा, धाकटा अकराचा, आणि दोघांनाही सुपरमॅनच हवा. माझ्या मते निवड दोन मालिकांतच आहे: 'स्मॉलव्हिल' आणि 'सुपरमॅन अँड लोइस'.

पेडण्यात दशावतार बघत वाढलेल्यांना यातली गंमत पटकन कळेल. आख्यान सगळ्यांना पाठ असतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. १९३८ सालच्या सुपरमॅनचं टीव्हीनं हेच केलं. परग्रहावरून आलेलं मूल आणि त्याला वाढवणारं केंट शेतकरी जोडपं तेच. बदलला तो कथेचा भर.

'स्मॉलव्हिल' (२००१ ते २०११) वयात येणाऱ्या क्लार्कची, म्हणजे पुढे सुपरमॅन होणाऱ्या मुलाची, गोष्ट सांगते. उडणं नाही आणि तो घट्ट पोशाखही नाही, असा नियमच निर्मात्यांनी घालून घेतला होता. पहिल्याच भागात लेक्सची, म्हणजे पुढे त्याचा वैरी होणाऱ्या तरुणाची, गाडी त्याला धडकून पुलाखाली घेऊन जाते आणि त्याला साधं खरचटतही नाही. घरी आल्यावर तो लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रात हात घालतो, का तर आपण इतरांसारखे नाही हे वडिलांना दाखवायला. तो हट्ट कुठल्याही पंधरा वर्षांच्या मुलाचा आहे. लेक्सशी होणारी मैत्री आणि तिचं हळूहळू नासणं मला सगळ्यात आवडतं. पण सुरुवातीच्या सीझनमध्ये उल्केच्या दगडानं दर आठवड्याला कुणीतरी बिघडतो, ते पुढे कंटाळवाणं होतं. शिवाय दहा सीझन, दोनशेहून जास्त भाग. सुटीत संपणार नाही.

'सुपरमॅन अँड लोइस' (२०२१ ते २०२४) चार सीझन, ५३ भागांत आटपते. इथे क्लार्क लोइसचा नवरा आणि जुळ्या मुलांचा बाप आहे. पेपरातली नोकरी जाते, आई वारते, आणि कुटुंब गावच्या घरी परततं. एका मुलात शक्ती उतरते, दुसऱ्यात नाही. ताईच्या दोघांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पण डिचोलीकरांसाठी माझं मत ठरलं ते पहिल्या सीझनमधल्या खाणींमुळे. एक धनाढ्य उद्योगपती गावातल्या बंद खाणी विकत घेतो, नोकऱ्यांचं आश्वासन देतो. लोइस पत्रकार म्हणून विरोधात उभी राहते, आणि गावातली माणसं तिच्यावरच चिडतात, कारण त्यांना काम हवंय. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्यावर दारात उभे राहिलेले ट्रक ज्यांनी बघितलेत, त्यांना या भांडणातल्या दोन्ही बाजू कळतात. सुपरमॅनच्या ताकदीनं हे सुटत नाही, म्हणूनच ते खरं वाटतं.

तेव्हा ताई, सगळ्यांनी मिळून बघायला 'सुपरमॅन अँड लोइस'च घे. तिसऱ्या सीझनमध्ये लोइसला स्तनाचा कर्करोग होतो. फार हळुवारपणे दाखवलंय, तरी घरात कुणाचं आजारपण ताजं असेल तर ते भाग आधी तू एकटीनं बघ. थोरल्याला 'स्मॉलव्हिल' नंतर सवडीनं बघू दे. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाली की संध्याकाळी पहिला भाग लावा, आणि बघून झाल्यावर धाकट्याला फोन करायला सांग.